रंगीत पास्ता घरी जरूर करा, पण भाजी म्हणून मोजू नका

या आठवड्यात पाककृती सांगणार आहे. आरोग्याच्या सदरात पाककृती कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे कारण दवाखान्यातील एका रात्रीत आहे, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दवाखाना बंद करीत असताना एक तरुण आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन धावत आली. सोबत आजी होत्या. आईच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, पोरीला लघवीतून रक्त जातंय." मुलगी मात्र शांत होती. ताप नाही, पोटात दुखत नाही, लघवीला जळजळ नाही, अंगावर सूज नाही. लघवीचा नमुना घेतला तो खरोखरच गुलाबी-लाल होता. पट्टी बुडवून पाहिली तर रक्ताचा अंशही नाही. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काल-आज बीट खाल्लं होतं का?"

आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बीट नाही मॅडम. पण दुपारी बीटचा पास्ता केला होता."

बीट खाल्ल्यानंतर काही लोकांची लघवी लाल होते. बीटातील लाल रंग पोटात पूर्ण विरघळून नाहीसा न होता तसाच रक्तात येतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एक-दोन दिवसांत लघवी पूर्ववत होते. (तरीही लाल लघवी दिसली की एकदा तपासून घ्यावी. "बीटच असेल" असे घरी ठरवून गप्प बसू नये.) आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आई हसली. प्रकरण इथेच संपायचे.

पण एक गोष्ट माझ्या मनात होती. बीटाचा हा रंग लघवीत सगळ्यांच्याच उतरत नाही. ज्यांच्या शरीरात लोह कमी असते त्यांच्यात तो जास्त वेळा उतरतो. म्हणून मुलीला उजेडात घेतले आणि खालची पापणी ओढून पाहिली. पापणी आतून पांढुरकी. जीभ फिकट, नखे फिकट. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे ते ११.५ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. म्हणजे ही मुलगी बरीच खाली गेलेली होती. आई म्हणालीच, "हल्ली ती शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते. मला वाटलं, अभ्यासाचा ताण."

मी आईला विचारले, पालेभाजी खाते का? उत्तर ऐकून मी खजील झाले. "भाजीला ती हात लावत नाही मॅडम. पण तुम्हीच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात सांगितलं होतं ना, मूल भाजी खात नसेल तर कणकेत पालक, बीट घाला. मी मोबाईलवर पाहून पास्ता शिकले. आठवड्यातून चार वेळा करते. हिरवा नाहीतर लाल. शाळेतली गुलाबी गोळी बंद केली, त्यानं शौचाला काळी होत होती."

मी खरोखरच तसे बोलले होते. पाच-सहा मिनिटांत, टाळ्या मिळतील अशा पद्धतीने. किती पालक, किती पिठात, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, यातले एक अक्षर मी सांगितले नव्हते. त्या बाईंनी माझा शब्द प्रमाण मानून मेहनतीने तो अमलात आणला आणि ताटातील भाजी बंद झाली. चूक माझी होती. त्या दिवशी अर्धवट सांगितलेली गोष्ट आज पूर्ण सांगते.

थोडा हिशेब

त्या आईची कृती अशी होती. पाव किलो मैदा, त्यात साधारण १०० ग्रॅम पालकाची पाने वाटून. यात घरातील चौघांचे खाणे होई. म्हणजे मुलीच्या ताटात साधारण ६० ग्रॅम मैदा आणि २५ ग्रॅम पालक.

१०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. तेव्हा २५ ग्रॅमात पाऊण मिलिग्रॅमही नाही. मैद्यातून आणखी १ मिलिग्रॅम. एकूण पावणेदोन. आता तीच मुलगी पास्त्याऐवजी दोन साध्या पोळ्या खाती तर? न चाळलेल्या ६० ग्रॅम कणकेत सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे निव्वळ आकड्यांनी पाहिले तर हिरव्यागार पास्त्यापेक्षा कोरडी पोळी वरचढ ठरते! कोंड्यातील फायटेट नावाचा घटक काही लोह अडवून धरतो, हे खरे. पण पालकातील लोहही तसेच अडलेले असते. आपल्या धान्य-भाजीच्या आहारातील लोहापैकी शंभरात पाचेक भागच शरीरात शोषले जातात, बाकीचे तसेच बाहेर पडते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे. या पंधराच्या शेजारी पालकाचे ते पाऊण मिलिग्रॅम ठेवून पाहा.

बीटाबद्दल तर आपल्याकडे मोठाच गैरसमज आहे. लाल म्हणजे रक्त वाढवणारे, असे समीकरण मनात पक्के बसले आहे. बीटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा काही संबंध नाही. १०० ग्रॅम बीटात १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते, पालकापेक्षाही बरेच कमी. बीट चांगले कंद आहे, खावे. पण ते रक्ताची बाटली नव्हे.

ही एका घराची गोष्ट म्हणून मी लिहीत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्याआधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढला होता. म्हणजे प्रत्येक आळीत, प्रत्येक वाड्यात अशी फिकट पापणीची मुले आहेत आणि त्यांच्या आया काहीतरी हिरवे-लाल करून घालण्याच्या खटपटीत आहेत.

मग पास्ता बंद करायचा का?

मुळीच नाही. त्या आईने रागाने कातणे अडगळीत टाकले असते तर मला वाईट वाटले असते. मुलगी आवडीने खात होती, घरचे ताजे होते, बाजारचा रंग त्यात नव्हता. या तीनही गोष्टी चांगल्याच आहेत. फक्त त्याला भाजीचे काम सांगू नये.

पास्ता हा शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. आजी त्या रात्री म्हणाल्या, "हे काय नवीन आहे? आम्ही लग्नाला वळवट करायचो." अगदी बरोबर. रवा-कणकेचा घट्ट गोळा घेऊन बोटांनी गव्हाच्या दाण्याएवढे वळले की गव्हले, नखावर दाबले की नखुले, मालत्या, बोटवे, फणीवर फिरवून रेघा उमटवलेल्या फणुल्या. मांडवात रुखवतावर हे सगळे मांडले जाई. इटलीत बोलोन्या शहराच्या परिसरातील बायकाही पिठाचा चौकोनी तुकडा दांडीवर गुंडाळून फणीवर फिरवतात आणि रेघा उमटलेल्या नळ्या करतात. दक्षिणेकडे बारी शहराच्या जुन्या भागात बायका दारात बसून अंगठ्याने कानाच्या पाळीसारखे वाटोळे तुकडे वळतात. आपल्या आजीचा नखुल्याचा हात तिकडे सहज चालून जाईल.

बोलोन्यात पालक घातलेल्या हिरव्या पोळ्यांचे थर लावून, मध्ये मांसाचा खिमा आणि दुधाची दाट आमटी घालून भट्टीत भाजण्याची जुनी पद्धत आहे. तिकडे पोळीचा हिरवा रंग ही शोभा आणि थोडी चव. भाजी म्हणून वेगळी वाढली जाते. पोळी हिरवी आहे म्हणून आज भाजी नको, असे तिकडची आईही म्हणत नाही.

पीठ कोणते?

मोबाईलवरील बहुतेक कृतींत मैदा असतो, कारण तो पटकन लाटला जातो. त्यापेक्षा निम्मा बारीक रवा आणि निम्मी कणीक घ्यावी. रवा बन्सी गव्हाचा मिळाला तर फार उत्तम. इटलीत कोरडा पास्ता ज्या कठीण गव्हाचा होतो, तो आपला बन्सीच्या जातीचा गहू. शिजल्यावर गिचका होत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ज्यांना खपली गहू मिळतो त्यांनी तो वापरावा. शेवयांसाठी आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या तो वापरत आल्या आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी आणि खपली या दोन्ही गव्हांचे सुधारित वाण तयार केले आहेत, हे शेतकरी वाचकांना ठाऊक असेलच.

कृती

दोन वाट्या, म्हणजे साधारण पाव किलो पीठ-रवा परातीत घ्या. चिमूटभर मीठ. पालकाची १०० ग्रॅम पाने तीन-चार पाण्यांतून धुवा, मातीचा कण राहता कामा नये. पातेल्यात पाणी खळखळ उकळवून त्यात पाने फक्त एक मिनिट टाका. काढून लगेच गार पाण्यात. मग हाताने हलकेच दाबून पाणी काढा आणि वरचे पाणी न घालता मिक्सरमध्ये गंधासारखी बारीक वाटा. जाडसर राहिली तर लाटताना पोळी तिथेच फाटते.

हे वाटण पिठात घालून आधी नुसत्या वाटणावर पीठ गोळा करा. अपुरे वाटले तर चमच्याचमच्याने पाणी घाला. घाई करू नका, रवा पाणी हळूहळू पितो. गोळा पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवा. आठ-दहा मिनिटे तळहाताच्या जोराने मळा. सुरुवातीला तो फुटतो, हट्टीपणा करतो, मग एकदम मऊ होतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

नंतर चार गोळे करा. पोळपाटावर पिठी लावून पातळ लाटा, पोळपाटाचा रंग पुसट दिसावा इतके. लाटलेली पोळी कापडावर दहा मिनिटे टाकून किंचित सुकू द्या. मग पिठी भुरभुरून सैलसर गुंडाळी करा आणि सुरीने बोटाच्या पेराएवढ्या रुंद पट्ट्या कापून लगेच झटकून मोकळ्या करा. करंजीच्या कातण्याने चौकोन कातून मध्ये चिमटा काढलात तर फुलपाखरे होतात. मुलांना हे काम द्यावे. वेडेवाकडे झाले तरी शिजते. लाटायचा कंटाळा असेल तर वाटाण्याएवढ्या गोळ्या करून नखुले वळा, त्याला पोळपाटही लागत नाही.

शिजवायला भरपूर पाणी हवे, १०० ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर. पाण्याला दणदणीत उकळी आल्यावरच टाका. ताज्या पट्ट्या तीन-चार मिनिटांत शिजतात. एक तुकडा दाताखाली धरून पाहावा. आत कच्चट पांढरा ठिपका नसला की झाले.

रंगांचे स्वभाव

रंग टिकत नाही, अशी तक्रार हमखास येते. प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा आहे, तो समजून घेतला की निराशा होत नाही.

पालकाचा हिरवा रंग जास्त वेळ शिजवल्याने किंवा आंबटाने शेवाळी पडतो. हिरव्या द्रव्यातील मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि रंग बदलतो. हॉटेलवाले तो हिरवागार ठेवायला चिमूटभर सोडा टाकतात. आपण घरी सोडा टाकू नये. सोड्याने क जीवनसत्त्व आणि ब गटातील थायमिन नष्ट होते. एवढी धडपड करून भाजी घालायची आणि सोड्याने तिचे सत्त्व घालवायचे, याला अर्थ नाही.

बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा. पीठ भिजवताना असा गडद दिसतो की मुले टाळ्या वाजवतात, आणि उकळत्या पाण्यातून काढेपर्यंत निम्मा रंग पाण्यात गेलेला असतो. नखुल्यासारखे जाड आकार केले तर जरा जास्त टिकतो. वाटणात लिंबाचे चार थेंब टाकल्यानेही थोडा फरक पडतो. उरलेले गुलाबी पाणी फेकू नका, त्यात रंगाबरोबर फॉलिक ॲसिडसारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही उतरलेली असतात. रस्सा किंवा आमटी त्या पाण्यात करा, मात्र मीठ बेताने.

लाल भोपळा आणि केशरी गाजर यांचा रंग सर्वांत भरवशाचा. तो पाण्यात विरघळत नाही, उकळल्यावर जात नाही. शिवाय या रंगद्रव्यापासून, म्हणजे बीटाकॅरोटिनपासून, शरीर अ जीवनसत्त्व बनवते, आणि ते शोषले जाण्यासाठी जेवणात थोडे तेल-तूप लागते. भोपळा पाण्यात न उकळता वाफवावा, नाहीतर पीठ भिजता भिजत नाही, सैलच होत राहते. रंगाच्या निमित्ताने खरोखर काही पदरात पडायचे असेल तर माझे मत भोपळ्याला. दिसायला तो पालकाइतका रुबाबदार नाही, म्हणून मागे राहिला आहे.

पिवळ्यासाठी हळद आहेच, पाव चमचा पुरे.

बाजारातील तिरंगी पास्त्याचे पाकीट घेणार असाल तर मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पालकाची किंवा बीटाची भुकटी यादीच्या शेपटाशी असेल तर काय ते समजा. आणि पुडीतला सुटा खायचा रंग पिठात मुळीच घालू नका. परवानगी असलेल्या रंगांनाही पदार्थ आणि प्रमाणाची मर्यादा आहे, सुट्या पुडीत नेमके काय आहे हे आपल्याला कळत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ साली गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल या पदार्थांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासणीत कपडे रंगवायच्या कामाचा रोडामाइन-बी हा रंग सापडला होता.

भाजी कुठे घालायची?

वरून. पिठात जी भाजी मावते ती मूठभर, पण रश्श्यात वाटीभर मावते. माझा साधा नियम असा, जेवढ्या वाट्या शिजलेला पास्ता तेवढ्याच वाट्या भाजी-डाळीचा रस्सा.

त्या मुलीच्या आईला मी जे लिहून दिले ते असे. लोखंडी कढईत तेलावर कांदा-लसूण परता, चार टोमॅटो बारीक चिरून शिजवा. टोमॅटोच्या आंबटपणाने कढईतील थोडे लोह रश्श्यात उतरते, आणि हे लोह फुकटचे. शिजल्यावर रस्सा कढईत न ठेवता दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळा पडतो. त्यात एक वाटी शिजवलेले मसूर किंवा चवळी घोटून घाला. रस्सा दाट होतो आणि डाळ आहे हे मुलांना कळतही नाही. मग गाजर, फरसबी, सिमला मिरची, जे घरात असेल ते. वरून दाण्याचे कूट. ताटात वाढल्यावर लिंबू पिळा. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोह जास्त शोषले जाते. हिरवा रंग त्याने मळेल, मळू द्या. जेवणाबरोबर किंवा त्यानंतर लगेच मुलांना चहा देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. चहा लोहाला अडवतो. एक-दीड तासाचे अंतर ठेवा.

अंडी चालत असतील त्यांनी उकडलेले अंडे चिरून घालावे, मांसाहारी घरात खिमा किंवा कलेजी. त्यातील लोह भाजीतील लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागते.

पण हिमोग्लोबिन ८.६ असलेल्या मुलीला नुसत्या आहारावर ठेवता येत नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितले. खड्डा मोठा पडला की तो फावड्यानेच भरावा लागतो. वजनाप्रमाणे रोजचे लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली. शाळेतून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला जी गुलाबी गोळी देतात, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. पालकाच्या त्या पाऊण मिलिग्रॅमशी तुलना करा. गोळीने शौचाला काळी होते, हे न शोषलेल्या लोहामुळे. त्यात धोका नाही. पोट दुखत असेल तर गोळी जेवणानंतर द्यावी, बंद करू नये. रोजचे औषध मात्र डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय मनाने सुरू करू नका आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. लोहाचे औषध एकदम जास्त पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेतते.

साठवण आणि पथ्ये

ओला पास्ता बाहेर ठेवू नये. भाजीचा ओलावा असल्याने तो साध्या कणकेपेक्षा लवकर आंबतो. फ्रिजमध्ये फार तर एक दिवस. वाळवायचा असेल तर उन्हाळ्यात, तोही सावलीत. कडक उन्हात रंग उडतो. पातळ कापडाखाली, पंख्याच्या वाऱ्यावर, दोन दिवस उलटसुलट करीत, तुकडा काडीसारखा मोडेपर्यंत. पावसाळ्यात वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. डब्यात बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा डबा टाकून द्यावा, निवडून वापरू नये. अंडे घातलेला पास्ता घरी वाळवू नका.

मधुमेह असणाऱ्यांनी पास्ता पोळीच्या जागी धरावा, पोळीच्या जोडीला नव्हे. मूतखड्याची तक्रार असणाऱ्यांना पालकाऐवजी भोपळा बरा, पालकात ऑक्झलेट फार. ज्यांना गव्हातील ग्लूटेन चालत नाही त्यांच्यासाठी ही कृती नाही, बन्सी काय आणि खपली काय, दोन्हीत ग्लूटेन असतेच.

ती मुलगी तीन महिन्यांनी आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.७ झाले होते. औषध आणखी दोन महिने चालू ठेवायला सांगितले, कारण रक्त भरले तरी शरीरातील साठा मागाहून भरतो. बहुतेक घरी इथेच चूक होते, आकडा सुधारला की बाटली कपाटात जाते. भाजी अजूनही तिला आवडत नाही. पालकाची पातळ भाजी पाहिली की तोंड फिरवते. पण स्वतः वळलेल्या नखुल्यांवर मसुराचा रस्सा असला की ताट पुसून खाते, आणि रश्श्यातील गाजर आता वेचून बाजूला ठेवत नाही, असे आई सांगत होती.

जाताना आजींनी पिशवीतून एक डबा काढला. भोपळ्याचे नखुले, केशरी, एकसारखे, सावलीत वाळवलेले. मी त्याच दुपारी शिजवले. वाळलेल्यांना ताज्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे ध्यानात ठेवा, माझे शिजायला चांगली बारा मिनिटे लागली.